झटकायचा राहून गेलेला पारा

मित्रांनो, माझ्या पोटात पारा आहे आणि अंगावर बारीक काळ्या रेघा. मी थर्मामीटर, तोही जुना, काचेचा. हल्ली घरोघर माझी ती बटण दाबलं की टीं टीं करणारी भावंडं दिसतात. माझ्यासारखा म्हातारा एखाद्या कपाटात चुकून सापडायचा. पण म्हातारा असलो तरी एका गोष्टीचा मला आयुष्यभर अभिमान होता. मी कधी खोटं बोललो नाही. त्या अभिमानाचं पुढे काय झालं ते सांगायला आज बसलो आहे. बसलो म्हणजे आडवा पडलोय, मला बसता येत नाही.

मला एका कारागीर बाईने घडवलं. भट्टीच्या ज्वाळेवर काचेची नळी धरून तिने माझ्या पोटात केसाएवढी वाट ठेवली आणि त्या वाटेत एका जागी मुद्दाम माझा गळा आवळला. या आवळलेल्या गळ्यामुळे ताप चढला की पारा वर जातो, पण आपला आपण खाली उतरत नाही. मला घट्ट धरून मनगटाने दोन-तीन सणसणीत झटके द्यावे लागतात, तेव्हा तो उतरतो. म्हणजे माणसाच्या तोंडातून काढल्यावरही मी त्याचा ताप विसरत नाही. कारखान्यात याला माझा गुण म्हणत.

मी एका दवाखान्यात कामाला लागलो. तिथले कंपाउंडर मला गार पाण्याने धूत, कापसाने पुसत, उजेडाकडे तिरका धरून वाचत आणि मग झटकत. दिवसाला तीस-चाळीस तोंडं व्हायची. रडकी मुलं, बडबडे म्हातारे, आजारी नसताना सुटीसाठी चिठ्ठी मागायला आलेले कारकून, सगळ्यांचं खरं मी बाहेर काढलं. डॉक्टर म्हणत, "बाकी कुणी काही सांगो, हा सांगेल तेच खरं." अशी शाबासकी मिळाली की मी डबीत अगदी ताठ पडून राहायचो.

कंपाउंडर निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या खिशात घातलं आणि मी त्यांच्या घरी आलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे कंपाउंडरांना आजोबा म्हणत. त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सून एका छापखान्यात पुस्तकं बांधायची. नात नऊ वर्षांची. घरात आल्यापासून झोपेपर्यंत स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. भिंगरीला माझं भारी वेड. तिला माझ्या रेघा वाचता येत होत्या, पाव रेघेसाठी ती आजोबांशी वाद घालायची. मात्र मला झटकायचं काम आजोबा कुणालाही देत नसत. एकदा बाबाने हौसेने झटकायला घेतलं आणि टेबलाच्या कडेपासून मी बोटभर वाचलो. तेव्हापासून घरात तसा कायदाच झाला.

आणि मग आजोबाच तापले. तीन दिवस अंगावर काढलं, चौथ्या दिवशी दुपारी ते थरथर कापायला लागले. भिंगरीने मला त्यांच्या जिभेखाली ठेवलं, उजेडाकडे धरलं आणि वाचलं. "एकशे चार," ती म्हणाली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी आली, माणसं जिना चढली, आजोबांना उचलून नेलं. मी टेबलावर तसाच राहिलो. ज्या हाताने मला झटकायचं तो हातच तापाने फणफणला होता. बाकी कुणाला माझी आठवण येण्याची ती वेळ नव्हती, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. आजोबा परत आले नाहीत.

ते गेल्याच्या आठव्या दिवशी आई बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा द्यायला खालच्या मजल्यावर गेली होती. भिंगरी माझ्यापाशी आली. रडून रडून तिचं डोकं जड झालं होतं. तिने मला तोंडात ठेवलं, मनात आकडे मोजले आणि उजेडाकडे धरलं. एकशे चार.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. तो आकडा खराच होता, पण शिळा होता. तो तिचा नव्हता, आजोबांचा होता. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण काचेला कंठ कुठून असणार? तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. आजोबांना घेऊन गेलेला ताप आता आपल्या अंगात आलाय, असं तिला वाटलं. तिने मला गार पाण्याच्या ग्लासात बुडवलं, पुन्हा पाहिलं. पारा हलला नाही. तेवढ्यात जिन्यात आईची पावलं वाजली आणि तिने मला डबीत कोंबलं. आईला काही सांगितलं तर ती जवळ घेईल, तिलाही ताप लागेल आणि तीही त्या गाडीत बसून जाईल, असं काहीतरी तिच्या मनात बसलं असावं. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने मला धुताना जमेल तसे चार झटके दिले आणि पारा उतरला. पण भिंगरीच्या मनातला उतरला नाही.

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून माझा पारा गळ्याशी अडकतो. आधी ती मला सकाळी एकदा आणि शाळेतून आल्यावर एकदा लावायची. मग जेवणाआधी आणि जेवणानंतर. मग तासातासाला. मी इमानाने सांगायचो: ताप नाही, ताप नाही, ताप नाही. ऐकून तिचा श्वास मोकळा व्हायचा, आणि पाचच मिनिटांत तिला वाटायचं, आता चढला असेल. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने फुंकर मारणंच पत्करलं आणि पिणं सोडून दिलं. धावलं की अंग गरम होतं म्हणून तिने धावणं सोडलं. गिरक्या तर कधीच सुटल्या होत्या. ऊन ऊन जेवण नको, जाड पांघरूण नको. दिवसभर ती गार फरशीला पाठ लावून पडायची. दिवसाला मी चाळीस-चाळीस वेळा तिच्या जिभेखाली जात होतो. तिथे माझ्या टोकाने फोड आला. तो फोड पाहून तिला वाटलं, हेच त्या आजाराचं लक्षण.

आईबाबांनी काय नाही केलं? आईने मला कपड्यांच्या घडीत लपवलं. भिंगरीने सगळं कपाट उपसलं आणि मी सापडेना तेव्हा ती दाराशी बसून इतकी घुसमटली की तिचे ओठ पांढरे पडले. आईनेच मला परत आणून तिच्या हातात दिलं. बाबाने टीं टीं करणारा नवा थर्मामीटर आणला. वाटलं होतं, झटपट आकडा येईल आणि पोर निवांत होईल. झालं ते आगीतून फुफाट्यात. त्याच्यात आणि माझ्यात एका रेघेचा फरक पडायचा, मग खरा कोण हे ठरवायला ती तिसऱ्यांदा मोजायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. ते म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे. ठणठणीत पोरीने शाळा सोडून दोन महिने झाले होते. वर्गशिक्षिकेने निरोप धाडला की हे सत्र बुडालं तर वर्ष गेलं. आईने छापखान्यात जाणं बंद केलं आणि घड्या घालायचे कागद ती घरी मागवू लागली.

एकदा आई स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून हळू आवाजात बाबाला म्हणाली, "ही आपल्या डोळ्यांसमोर विझत चाललीय. मला काही सुचत नाही आता." बाबा एरवी कुठल्याही गोष्टीवर विनोद करणारा माणूस. त्या वेळी तो तिच्या हातातला झारा घेऊन नुसती भाजी ढवळत राहिला.

आणि मी? मला माझ्या खरेपणाची शिसारी आली होती. तिला प्रत्येक वेळी जे खरं सांगत होतो, त्याच खऱ्यावर तिची भीती पोसली जात होती. एखाद वेळी हातातून निसटून फरशीवर फुटावं असंही मनात आलं. पण फुटलेल्या काचेतला पारा विषारी असतो आणि ती फरशीवरच पडलेली असायची. तेवढीही सोय मला नव्हती.

शेवटी मुलांच्या रुग्णालयातल्या एका समुपदेशक बाईंकडे त्यांनी भिंगरीला नेलं. मीही होतो, तिच्या मुठीत. बुटकं टेबल, खडूंचा डबा, खिडकीतून दिसणारी वाहनांची रांग. बाईंनी मला काढून घेतलं नाही, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी भिंगरीला भीतीलाही आकडे द्यायला शिकवलं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे आता मेलेच. भीती कुठल्या विचाराने चढते, तेव्हा पोटात काय होतं, छातीत काय होतं, हे त्या दोघी कागदावर मांडायच्या. आकडे भिंगरीला आवडायचेच, त्यामुळे ती बोलायला लागली. चौथ्या भेटीत तिने ते एकशे चार सांगून टाकलं. आई तिथेच तोंडाला पदर लावून रडली.

बाईंनी कोमट पाण्याचा पेला मागवला. मला त्यात धरून एकशे तीनवर चढवलं, बाहेर काढून पुसलं आणि स्वतःच्या काखेत ठेवलं. पाच मिनिटांनी मला भिंगरीच्या हातात दिलं. एकशे तीनच. "मला ताप आहे का?" त्यांनी विचारलं. भिंगरीने त्यांच्या हाताला हात लावला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हात लावला. मग हळूच म्हणाली, "पारा झटकला नव्हता." परतताना ती बाबाचं बोट सोडून चार पावलं पुढे चालली. आईबाबांना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती माझ्या डबीशी उभी होती. कळत होतं, पण वळत नव्हतं. तो दिवस मला सगळ्यांत वाईट वाटतो, कारण आता दोष द्यायलाही काही उरलं नव्हतं.

बाई मात्र खचल्या नाहीत. त्या आईबाबांना म्हणाल्या, भीतीचं कारण सापडलं म्हणून भीती बिऱ्हाड हलवत नाही, तिला इथे रोज खाऊ मिळतोय. बाबाला ते पटकन समजलं. तो म्हणाला, लिफ्ट अडकली की लोक एकच बटण दहादा दाबतात, पण त्याने लिफ्ट लवकर येत नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, हेच भिंगरीला सांगा. मग त्यांनी एका कागदावर शिडी काढली. खालची पायरी: मोजावंसं वाटलं की दोन मिनिटं थांबायचं. मग दहा मिनिटं. मग जेवणापासून शाळा सुटेपर्यंत. मग अख्खा दिवस. सगळ्यांत वरची पायरी: मी समोर फळीवर असताना सात दिवस मला हात लावायचा नाही. थांबताना भीती किती आहे ते वहीत लिहायचं. ती आधी चढेल, मग कुणी काही केलं नाही तरी आपली आपण उतरेल, हे भिंगरीने स्वतः बघायचं. आणि घरच्यांनी तिला "ताप नाही गं" असं म्हणायचं नाही. ती विचारेल तेव्हा एवढंच सांगायचं: हा प्रश्न भीतीचा आहे, आपण थांबून बघू.

बोलायला सोपं आहे. पहिली दोन मिनिटं भिंगरी टेबलाचा पाय धरून बसली होती आणि आई दुसऱ्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून उभी होती. लेकरू भीतीने कापत असताना जवळ न घेता घड्याळाकडे बघायचं, हे आईच्या अंगवळणी पडत नव्हतं. ती चोरून फसवायची. केस सारखे करायचं निमित्त काढून कपाळाला हात लावायची. भिंगरीने आठवड्यात तिला पकडलं. ती बाईंना म्हणाली, "आई विंचरत नाही, ताप बघते." आई ओशाळली. त्यानंतर तिने मन दगडासारखं केलं आणि नियम पाळायचं ठरवलं.

पुढचे दोन महिने मी मोजत नाही; चढणं, घसरणं, पुन्हा चढणं यातच ते गेले. भिंगरी अर्धा दिवस शाळेत जाऊ लागली. पण शेवटची पायरी राहिली होती आणि ती झाल्याशिवाय बाकीच्या टिकतील याची बाईंनाही खात्री नव्हती.

शेवटच्या पायरीचा पाचवा दिवस. सुटीचा वार होता. बाबा कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता आणि आई टेबलाशी कागदांच्या घड्या घालत होती. भिंगरी फळीपाशी आली. तिने मला उचललं नाही, नुसता तळहात माझ्यावर ठेवला. माझा पारा सरसर चढला आणि नव्याण्णव ओलांडून गेला. मी दचकलो. नुसत्या तळव्याला एवढं, तर आत किती? या वेळी ताप खरा होता.

तिने हात काढून घेतला. मला न बघता ती आईकडे गेली आणि म्हणाली, "आई, मला ताप असल्यासारखं वाटतंय." आईने कागदावरून मान वर केली नाही. तिने ओठ घट्ट मिटले, घडीवरून अंगठा फिरवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाली. "हा प्रश्न भीतीचा आहे, राणी. आपण थांबून बघू."

भिंगरी वही घेऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने दहा लिहिलं.

मित्रांनो, जन्मभर मी खरं सांगत आलो आणि नको तेव्हा नको तेवढ्या वेळा सांगितलं. त्या दिवशी एकदाच सांगायचं होतं आणि मला कुणी विचारत नव्हतं. फळीवर पडल्या पडल्या मी आईला हाका मारत होतो. हिला हात लाव. केस विंचरायचं निमित्त कर, चोरून लाव, पण लाव. पण जी आई दोन महिन्यांपूर्वी वीस निमित्तं काढायची, ती आता नियमाला जागत होती. पाऊण तासाने भिंगरीने दहा खोडून नऊ लिहिलं. आईने तिरक्या नजरेने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. पोरीचे गाल लाल झाले होते. आईला वाटलं, हिंमतीने झाले. अडीच तासांनी वहीत आठ होतं आणि भिंगरीचं डोकं हळूहळू कागदांच्या गठ्ठ्यावर टेकत होतं.

गठ्ठा ओढताना आईचा हात तिच्या गालाला लागला. आई खुर्चीवरून उठली ती खुर्ची पाडूनच. तिने मला उचललं, झटकलं, भिंगरीच्या काखेत धरलं. एकशे दोन. आईला रेघा दिसेनात, म्हणून तिने मला खिडकीशी नेलं, परत आणलं, परत नेलं. मग ओली पट्टी, औषध, बाबाला फोन, बाईंना फोन. फोनवर आई म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच केलं मी. पोर तापाने भाजत होती आणि मी तिला थांब म्हणत होते." बाई म्हणाल्या की नियम भीतीसाठी होता, आजारासाठी नव्हता. चेहरा उतरला, अंग गरम लागलं तर मोठ्यांनी एकदा मोजायचंच. हे स्पष्ट सांगायला हवं होतं, चूक त्यांची आहे. आईने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

भिंगरी पट्टीखालून आईकडे बघत होती. "होताच ना ताप?" तिने विचारलं. आईने मान हलवली. भिंगरीने वही जवळ ओढली, स्वतःचे आकडे पाहिले आणि म्हणाली, "ताप होता, तरी भीती आठवर आली."

घसा सुजला होता, बाकी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताप गेला. इथे गोष्ट संपली असती तर मीही डबीत सुखाने झोपलो असतो. पण भीतीने बिऱ्हाड सोडलं नव्हतं, फक्त खोली बदलली होती.

आता आई मोजू लागली. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, जेवताना घास थांबवून. मी सांगायचो ताप नाही, ती मला पुसायची आणि पुन्हा लावायची. छापखान्याने तिला परत बोलावलं होतं, ती गेली नाही. बाबाने एकदा बोलून पाहिलं, तर ती म्हणाली, "त्या दिवशी मी ऐकलं नाही. आता पुन्हा चुकायचं नाही मला." एका जिभेवरून सुटलो तोवर दुसऱ्या हातात सापडलो, आणि हा हात तर माझ्यावर उपकार केल्यासारखा मला जपत होता. मी पार हरलो होतो.

काल संध्याकाळी आई सातव्यांदा मला घेऊन आली. भिंगरी शाळेचा अभ्यास करत होती. तिने पेन्सिल ठेवली, पण तोंड उघडलं नाही. आईने हनुवटीला हात लावला तसा तिने तो हात धरला आणि आईला खाली बसवलं.

"किती वाटतंय तुला, दहापैकी?"

आईने मला मुठीत घट्ट धरलं.

"दहा," आई म्हणाली.

"मग बस इथे. मी पण बसते."

भिंगरीने मला आईच्या मुठीतून सोडवून टेबलावर ठेवलं आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसली. आईचं रडणं सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. बऱ्याच वेळाने भिंगरीने तिला पुन्हा विचारलं. आई म्हणाली, दहाच आहे. भिंगरीने मान हलवली आणि तिथेच बसून राहिली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना शेवटी तुमच्याकडे काही मागायची परवानगी असते. मला डबीत जपा, कापसाने पुसा असं मी मागत नाही. अंग तापलं तर मला जरूर काढा आणि एकदा विचारा, मी खरं तेच सांगेन. पण भीती वाटली म्हणून मला काढू नका. तिथे माझ्या खऱ्याचा काही उपयोग नाही. तिथे जवळ कुणीतरी बसायला लागतं.

आज सकाळी आई उठली, माझ्यापर्यंत आली आणि मला हात न लावता उभी राहिली. अजून उभी आहे.